घोडा कुठल्या मातीवर उभा आहे

विदर्भात घोड्याचा फोटो काढायचा असेल तर आधी जमीन बघावी, मग घोडा, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. इथली काळी कापसाची माती पाणी धरून ठेवते तसाच उजेडही धरून ठेवते, परत फारसा देत नाही. सकाळी साडेनऊला नुकत्याच वखरलेल्या वावरात पांढरा घोडा उभा करा. पाठ, पुठ्ठा, मानेची वरची कड लख्ख दिसेल. पोट, छातीचा खालचा भाग, मांड्यांची आतली बाजू आणि जबड्याखालची जागा मात्र मळकट राखाडी होऊन बसेल. समोर उभं राहून बघताना हे एवढं जाणवत नाही, कारण आपला डोळा ऊन आणि सावली दोन्ही एकाच वेळी सांभाळतो. फोटोत मात्र घोडा आडवा कापल्यासारखा दोन रंगांचा होतो. मग लोक कॅमेरा बदलतात, लेन्स बदलतात, संगणकावर सावल्या उचलत बसतात. त्याच घोड्याला शंभर पावलांवरच्या मुरमाच्या रस्त्यावर नेलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

सूर्य वरून उजेड टाकतो. घोड्याच्या खालच्या अंगाला जो उजेड मिळतो तो जवळजवळ सगळा जमिनीवरून उसळून आलेला असतो. घोडा उंच आणि पोटाने गोल प्राणी आहे, त्यामुळे त्याच्या अंगाचा बराच भाग आकाशाकडे नसून जमिनीकडे वळलेला आहे. माणसाच्या फोटोत हनुवटीखाली थोडी सावली चालून जाते. घोड्याच्या बाबतीत तीच सावली छातीपासून जांघेपर्यंत पसरते आणि त्याचा सगळा बांधा खाऊन टाकते.

हे मोजून बघता येतं. कॅमेरा स्पॉट मीटरिंगवर (चौकटीतल्या एका ठिपक्याचाच उजेड मोजण्यावर) ठेवा, उन्हातल्या काळ्या ढेकळांवर रोखून शटरचा आकडा बघा, मग तेच अ‍ॅपर्चर आणि तोच आयएसओ ठेवून नदीच्या कोरड्या वाळूवर रोखा. दोन्हींत साधारण दीड ते दोन स्टॉपचा फरक येतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). म्हणजे वाळू तिप्पट-चौपट उजेड वर फेकते. पाऊस पडून गेला की काळी माती आणखी काळी होते आणि फरक अजून वाढतो. हा आकडा एकदा स्वतः बघितला की पुढे गावात शिरताना नजर आपोआप जमिनीवर जाते.

आणि वऱ्हाडातसुद्धा उजळ जमीन काही दुर्मीळ नाही, शोधली की सापडते. मुरमाची पांधन, म्हणजे शेताकडे जाणारी वाट, ही माझ्या मते सगळ्यांत चांगली. मुरूम किंचित तांबूस-पिवळा असतो, त्यामुळे पोटाखाली जाणारा उजेड उबदार होतो आणि कुम्मैत घोड्याचा लालसर तपकिरी रंग खुलतो. नुकऱ्यावर, म्हणजे पांढऱ्या घोड्यावर, मात्र तोच उजेड थोडा पिवळट उतरतो, ते ध्यानात ठेवावं. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की मळणीच्या जागी कुटाराचा (भुश्याचा) पिवळा थर पसरलेला असतो. घोडा तिथे चार-पाच पावलांच्या अंतरात उभा केला तरी पोट उजळतं. त्यासाठी अख्खं वावर झाकलेलं असण्याची गरज नाही, घोड्याच्या पायाखाली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला दोन-तीन मीटर कुटार असलं तरी काम होतं. एक अडचण येते, घोडा मान खाली घालून कुटारात तोंड घालतो. म्हणून त्याला आधी चारा देऊन आणावं. गव्हाचं धसकट मार्च-एप्रिलमध्ये असाच उजेड देतं. गावाची पांढरी, म्हणजे वस्तीच्या आजूबाजूची फिकट माती, देवळापुढचं सारवलेलं पटांगण, वर्धेच्या किंवा वैनगंगेच्या पात्रातली वाळू, या सगळ्या कामाच्या जागा. वाळूत फक्त पाण्याच्या कडेला जाऊ नये. वरून कोरडी दिसणारी ओली वाळू घोड्याच्या वजनाने खचते, आणि एकदा पाय रुतला की घोडा घाबरतो तो दिवसभरासाठी.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, गणित बदलतं. तिथे माती बरीच ठिकाणी फिकट, आणि जुने मालगुजारी तलाव जागोजागी. तलावाच्या पाळीवर घोडा उभा करून सकाळचा सूर्य पाण्यापलीकडे ठेवला तर पाण्यावरून येणारा दुसरा उजेड खालून लागतो. पाणी हलत असेल तर पोटावर उजेडाच्या लहरी नाचतात. एका फोटोत त्या सुंदर दिसतात, पण घोड्याचा बांधा दाखवायचा असेल तर पाणी स्थिर असतानाच, वारा सुटायच्या आत, काम उरकावं.

हिरव्या गवताबद्दल लोकांचा गैरसमज आहे की तिथे फोटो हमखास चांगला येतो. पार्श्वभूमी म्हणून हिरवं छानच. पण पायाखाली दाट हिरवं असलं तर पांढऱ्या घोड्याच्या पोटावर हिरवट छटा येते, आणि ती काढायला गेलं की पाठीचा रंग बिघडतो. श्रावणात धुऱ्यावर घोडा चरताना टिपायचा असेल तर कुम्मैत किंवा काळा घोडा निवडावा. तो ही छटा पचवतो.

जमीन ठरली की वेळ ठरते. प्रकाशचित्रणाच्या बऱ्याचशा पुस्तकांतली सोनेरी वेळ ही युरोपातल्या सूर्यावरून लिहिलेली असते. तिथे सूर्य तिरपा चढतो, म्हणून तो मऊ उजेड बराच वेळ टिकतो. आपण २० ते २१ अंश अक्षांशावर आहोत. इथे सूर्य उगवल्यापासून ताशी सुमारे १३ अंश वर सरकतो. डिसेंबरअखेर नागपूरकडे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि सव्वाआठला १८ अंशांच्या घरात पोचलेला असतो. काळ्या रानात फोटोचं काम तिथे थांबवावं. कारण या उंचीपर्यंत ऊन बाजूने येतं आणि पोटाच्या गोलाईवर स्वतःच पोचतं, जमिनीच्या मदतीची गरज नसते. त्यापुढे ऊन पाठीवर चढत जातं आणि खालचं सगळं जमिनीच्या हवाली होतं. मुरमावर किंवा वाळूवर हीच मुदत साडेनऊपर्यंत लांबते. मे महिन्यात सूर्योदय साडेपाचच्या पुढे-मागे असतो, म्हणजे काळ्या मातीवर सातला आवरायचं. जिल्ह्याजिल्ह्यातही फरक पडतो. गडचिरोलीत सूर्य बुलढाण्यापेक्षा सुमारे १५ मिनिटं आधी उगवतो, तेव्हा दुसऱ्या गावची वेळ घड्याळावरून उचलू नये. ज्याला घड्याळ बघायचं नाही त्याने सावली बघावी. घोड्याची सावली त्याच्या उंचीच्या तिपटीहून लांब असेल तर उजेड चांगला, दुपटीवर आली की घाई करा, उंचीइतकी झाली की घोडा सावलीत न्या.

हिवाळ्यात एक सवलत मिळते. २२ डिसेंबरच्या आसपास नागपुरात भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांपेक्षा फारसा वर जात नाही, म्हणून उजळ जमिनीवर दुपारीही बरं काम होतं. याच्या उलट मे अखेरीस. २६ मेच्या सुमारास नागपुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत घोड्याची पाठ सोडून सगळं अंग सावलीतच असतं, शिवाय पारा ४५ च्या पुढे. उन्हाळ्यात सकाळी साडेआठनंतर घोड्याला फोटोसाठी उघड्यावर उभं करूच नये, हे मी उजेडासाठी कमी आणि घोड्यासाठी जास्त म्हणतो.

ढगाळ दिवस सगळीकडे मऊ उजेडाचा म्हणून वाखाणला जातो. काळ्या मातीवर मात्र तो फसवतो. ढगांतून येणारा उजेड मऊ असला तरी येतो वरूनच, आणि खालून परत काही येत नाही, म्हणून पाठ फिकी आणि पोट काळवंडलेलं असा घोडा मिळतो. कडा नसल्यामुळे सावली डोळ्यात भरत नाही एवढंच. पावसाळ्यात घोडा डांबरी रस्त्याच्या कडेच्या मुरमावर, सिमेंटच्या रस्त्यावर किंवा चुना लावलेल्या भिंतीजवळ आणावा. भिंत कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला हवी, म्हणजे तिच्यावरचा उजेड घोड्याच्या कुशीवर येतो. भिंतीचा रंग तपासून घ्या. आपल्याकडे निळ्या आणि पोपटी भिंती फार. निळ्या भिंतीशेजारचा नुकरा आजारी दिसतो. निळ्या ताडपत्रीचंही तसंच. ढगाळ दिवशी आकाश चौकटीत घेऊ नये, ते कोरं पांढरं येतं आणि घोड्याच्या कानांच्या कडा खाऊन टाकतं.

झाडाची सावली निवडताना झाड कोणतं ते बघावं. बाभूळ आणि चिंच यांची पानं बारीक, त्यांच्या खाली कवडसे पडतात. अबलक घोड्यावर हे कवडसे पडले की त्याचे स्वतःचे पट्टे कुठले आणि उन्हाचे कुठले हे कळेनासं होतं. आंबा आणि वड दाट सावली देतात. घोडा सावलीच्या अगदी कडेशी, तोंड बाहेरच्या उघड्या आकाशाकडे करून उभा करावा, आणि समोरची उन्हातली जमीन उजळ असावी. ती जमीनच मग मोठ्या दिव्यासारखी वापरता येते. सावलीत पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) स्वतः ठरवावा, ७००० केल्विनच्या आसपास ठेवून हिरवटपणा थोड्या जांभळ्या छटेने मोडावा. सकाळ-संध्याकाळच्या उन्हात उलट काळजी. कॅमेऱ्याचा ऑटो समतोल सोनेरी रंग ही चूक समजून धुऊन टाकतो, म्हणून तिथे तो सरळ दिवसाच्या उजेडावर, ५२०० ते ५५०० वर, बांधून ठेवावा.

हे सगळं जमलं की नाही याची एकच खूण बघायची असेल तर घोड्याचा डोळा बघा. घोड्याचा डोळा मोठा, गडद, डोक्याच्या बाजूला, आणि त्याच्यावर भुवईच्या हाडाचा जाड छज्जा. ऊन वर गेलं की हा छज्जा सावली टाकतो आणि डोळ्याच्या जागी काळा खड्डा उरतो. डोळ्यात आकाशाची फिकट पट्टी आणि खाली जमिनीची रेघ दिसत असेल तर उजेड योग्य आहे. ती पट्टी नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही फोटो निर्जीव येतो. घोड्याचं डोकं दोन बोटं सूर्याकडे वळवून घेतलं तरी पुष्कळदा डोळा जागा होतो, आणि त्याच वळणाने जबड्याची मानेवर पडणारी काळी सावलीही निघून जाते. ही मानेवरची सावली फार सामान्य चूक आहे. घेताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि नंतर मान अर्धी कापल्यासारखी दिसते.

घोड्याला स्वतःला काय दिसतं हेही माहीत हवं. त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या सरळ मागे थोडी जागा दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत जावं. अंधारातून उजेडात आणलं की त्याचे डोळे आपल्यापेक्षा सावकाश रुळतात. गोठ्यातून काढून लगेच उन्हात कॅमेऱ्यापुढे उभा केला तर तो डोळे बारीक करून, डोकं झटकत राहतो आणि मालक त्याला ओढत राहतो. दहा-पंधरा मिनिटं सावलीत थांबू द्यावं. तेवढ्यात पार्श्वभूमी नीट बघून होते.

आता रंग आणि एक्स्पोजर. कॅमेऱ्याचा मीटर जे समोर येईल ते मध्यम राखाडी करायला बघतो. चौकट काळ्या घोड्याने भरली की तो घोडा करडा करतो, पांढऱ्याने भरली की पांढरा मळवतो. काळ्यासाठी पाऊण ते एक स्टॉप कमी, पांढऱ्यासाठी तेवढाच जास्त, असं सगळीकडे सांगतात आणि चौकट भरलेली असेल तर ते खरंही आहे. पण वऱ्हाडात पांढरा घोडा बहुतेक वेळा काळ्या वावराच्या मधोमध लहानसा उभा असतो. तिथे मीटर काळ्या मातीला बघून शटर लांबवतो आणि घोडा पार जळून जातो. त्या जागी उलट एक स्टॉप कमी करावा लागतो. वाळूवरच्या काळ्या घोड्याला पाऊण-एक स्टॉप जास्त. रोज हे डोक्यात करत बसण्यापेक्षा मॅन्युअल बरं. स्वच्छ, चढलेल्या उन्हात आयएसओ २००, एफ/५.६, १/१६०० ही सुरुवात. सूर्य १५ अंशांवर असेल तर १/८००. घोडा पांढरा असेल तर यातून एक स्टॉप काढा. मग गालाच्या उन्हातल्या भागावर केस दिसतात का ते मोठं करून बघा. केस दिसले की आकडे हलवू नका, ऊन बदलेपर्यंत. नुकऱ्याची त्वचा गुलाबी असते, म्हणून त्याच्या नाकपुड्यांभोवती लाल रंग सगळ्यांत आधी जळतो. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) रंगांचा वेगवेगळा बघता येत असेल तर लाल बघावा.

काळ्या घोड्याची कांती आरशासारखं आकाश दाखवते. दुपारी ती निळसर चमकते, संध्याकाळी पश्चिमेकडची कूस तांबूस होते. काहीजण पोलरायझर लावून ही चमक काढतात. त्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो, आणि चमकेबरोबर स्नायूंचा उठावही जातो. मी तरी काळ्या घोड्याला पोलरायझर लावू नये असंच म्हणेन. निरोगी घोड्याची ती झळाळी खरारा आणि खुराक यांची कमाई असते, ती फोटोत राहायलाच हवी.

अंतराबद्दल थोडक्यात. घोडा नाकापासून शेपटीपर्यंत साधारण अडीच मीटर. आजूबाजूला श्वास घ्यायला जागा धरून चौकट साडेतीन मीटर रुंद हवी. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमी लेन्सने त्यासाठी सुमारे १९ मीटर मागे जावं लागतं, ८५ मिमीने साडेआठ. मोबाइलच्या मुख्य लेन्सने अडीच मीटरवरूनच पूर्ण घोडा मावतो, आणि तिथेच घोटाळा होतो. एवढ्या जवळून डोकं भलं मोठं आणि मागचा भाग चिमुकला येतो. मोबाइलमध्ये तीनपट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती लावून सात-आठ मीटर मागे सरकावं. पोर्ट्रेट मोड वापरू नये, तो आयाळीचे सुटे केस आणि कानांची टोकं पुसून टाकतो, आणि काठियावाडी-मारवाडी घोड्यात कानांची टोकं हीच तर बघण्याची गोष्ट. आत वळून एकमेकांना टेकणारी ती टोकं झाडांच्या रेघेत अडकू न देता मोकळ्या, एकरंगी पार्श्वभूमीवर यायला हवीत.

समोरून डोक्याचा फोटो घेताना नाक आणि डोळा यांत अर्ध्या मीटरहून अधिक खोली असते. २०० मिमी, एफ/२.८, सहा मीटर अंतर, यात स्पष्ट पट्टा सुमारे १५ सेंटिमीटरचाच मिळतो. डोळा धरला की नाक धूसर. एफ/८ ला तो पट्टा ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो. तेवढ्यावर भागवावं, किंवा डोकं थोडं वळवून घ्यावं.

कॅमेरा घोड्याच्या कुशीच्या मध्याइतक्या उंचीवर असावा, म्हणजे बहुतेकांना वाकावं किंवा गुडघ्यावर बसावं लागतं. उभ्याने घेतलेल्या फोटोत पाय आखूड आणि पाठ रुंद दिसते. बाजूने घेताना कॅमेऱ्याकडचे दोन पाय बाहेरच्या अंगाला आणि पलीकडचे दोन किंचित आत, असे चारही पाय वेगळे दिसले पाहिजेत. मालकाला एवढंच सांगावं, "भाऊ, त्याले एक पाऊल मांगं घ्या न." घोडा पुढे घेऊन उभा करण्यापेक्षा एक पाऊल मागे घेतला की पाय पुष्कळदा आपोआप बरोबर पडतात. जमिनीला उतार असेल तर पुढचे पाय चढाकडे हवेत.

कान पुढे यायला हवे असतील तर कॅमेऱ्याच्या मागे आणि थोडं बाजूला तिसरा माणूस उभा करावा. टोपल्यात हरभरा खुळखुळवला, प्लास्टिकची पिशवी हळूच चुरगळली, मोबाइलवर दुसऱ्या घोड्याचं खिंकाळणं लावलं, की कान उभे राहतात. प्रत्येक युक्ती दोन-तीनदाच चालते, म्हणून सगळी तयारी झाल्यावरच वापरावी. खडा मारणं, फटाका वाजवणं, छत्री फाडकन उघडणं हे पाप आहे. त्याने कान उभे राहतात, पण डोळ्याचं पांढरं दिसतं आणि नाकपुड्या ताणल्या जातात, आणि घोडा ओळखणारा माणूस त्या फोटोत भीतीच बघतो.

आपल्याकडे खेड्यात बहुतेक घोडे वरातीचे. लग्नसराईत ते रात्री उशिरापर्यंत बँडबाजा आणि दिव्यांत उभे असतात, त्यामुळे वरातीच्या दुसऱ्या सकाळी त्यांना उठवू नये. मालकाशी बोलून मोकळा दिवस ठरवावा. साज उतरवून घ्यावा. आरसे, जर आणि टिकल्या उन्हात पांढरे ठिपके होऊन बसतात आणि ऑटोफोकस डोळा सोडून त्यांनाच धरतो. निळ्या किंवा केशरी नायलॉनच्या दोरीऐवजी सुती दोर किंवा साधी चामड्याची मोरकी लावावी. अंघोळ आदल्या दिवशी. ओल्या केसांच्या लडी पडतात आणि रंग एका पायरीने गडद होतो. सकाळी फक्त खरारा, आणि डोळ्यांचे-नाकाचे कोपरे ओल्या फडक्याने. अंगाला तेल चोळायची हौस मालकांना असते, तिला प्रेमाने नकार द्यावा, तेलावर ऊन ठिपक्यांसारखं चमकतं आणि धूळही चिकटते. पावसाळ्यात गोमाशांमुळे घोडा पाय आपटत आणि शेपूट मारत राहतो, म्हणून उभ्या घोड्यालाही १/५०० च्या खाली जाऊ नये. एरवी १/२५० पुरतं.

पळत्या घोड्यासाठी पुन्हा जमिनीकडेच यावं लागतं, आणि इथे प्रश्न उजेडाचा राहत नाही. मार्चपासून काळ्या मातीला भेगा पडतात, काही भेगांत अख्खा हात जातो. अशा रानात घोडा पळवला तर पाय मोडतो, आणि घोड्याचा मोडलेला पाय सहसा सांधत नाही. पावसाळ्यात तीच माती खुरांना चिकटते आणि घसरवते. डांबरावर नाल घसरतो. पळवायचं ते दाबलेल्या मुरमावर किंवा घट्ट वाळूवर, आणि ज्या घोड्याला पळायची सवय आहे त्यालाच. वरातीत वर्षभर पावलापावलाने चालणाऱ्या घोड्याकडून चौखूर धाव मागू नये. त्याची दुडकी चालही फार देखणी असते.

दुडकीला १/१०००, चौखूर धावेला १/१६०० ते १/२०००. क्षण कुठला पकडायचा हे १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला स्पष्ट झालं. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने लावलेल्या १२ कॅमेऱ्यांपुढून घोडी पळवली, आणि दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधीचे चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला उडता घोडा रंगवत आले होते. फोटोत मात्र पाय पोटाखाली गोळा झालेले असताना घोडा आखडल्यासारखा दिसतो, आणि पुढचा पाय पूर्ण लांबवलेला असतानाचा क्षण डोळ्याला धाव म्हणून पटतो. दुडकीत तिरकस जोडीचे दोन पाय एकत्र उचलले जातात. एक जोडी जमीन सोडते आणि दुसरी अजून टेकायची असते, तो अधांतरी क्षण सगळ्यांत सुंदर. तो चुकला तर पाय सरळ खांबांसारखे येतात. सेकंदाला आठ-दहा फोटो घेणारा कॅमेरा असला तरी पहिला फोटो आपणच वेळेवर दाबायचा असतो. त्यासाठी टापांचा ताल ऐकावा, दोन-चार फेऱ्या कॅमेरा खाली ठेवूनच. संध्याकाळी धूळ उडत असेल तर सूर्य घोड्याच्या मागे ठेवून घ्यावं, धुळीचा पडदा पेटतो. धाव ज्या रेषेत आहे त्या रेषेपासून दहा मीटर बाजूला उभं राहावं, रेषेत कधीच नाही.

फोटो विक्रीसाठी असेल तर आणखी एक काम असतं. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या घोडेबाजारात जाण्याआधी बरेच सौदे मोबाइलवर फोटो बघूनच जुळतात, आणि जाणता गिऱ्हाईक घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचे फोटो मागतो. मानेवरचं शुभ मानलेलं देवमन, कपाळावरचा भोवरा, कुठे काही अशुभ मानलेला भोवरा असेल तर तोही. भोवरा समोरच्या उन्हात दिसत नाही. ऊन त्वचेला घासून, बाजूने यायला हवं, म्हणजे केसांची वळणं सावलीने उठून दिसतात. सूर्य खाली असताना घोडा अशा कोनात उभा करा की ती जागा उन्हाच्या कडेवर येईल, आणि ४०-५० सेंटिमीटरवरून घ्या. पायांचे फोटो चारही बाजूंनी, सिमेंटवर, खूर गवतात बुडलेले नसताना. ओरखडे, गाठी, जुन्या जखमा संगणकावर पुसू नयेत. घेणाऱ्याने तो घोडा दूरवरून पैसे देऊन न्यायचा असतो.

मालकाला फोटो छापून द्यावा, तो मोबाइलमध्ये पाठवून मोकळं होऊ नये. १२ बाय १८ इंच, मॅट कागद. चकचकीत कागदावर घराच्या दारातला उजेड पडला की काळा घोडा दिसतच नाही. लॅबमध्ये देताना ऑटो करेक्शन बंद ठेवायला स्पष्ट सांगावं, कारण छापण्याचं यंत्रही मीटरसारखंच सगळं राखाडीकडे ओढतं. आणि काळ्या घोड्याचा फोटो असेल तर पडद्यावर योग्य वाटतो त्याहून अर्धा स्टॉप उजळ करून द्यावा, कागदावर तो तेवढा बुडतोच. आधी एक छोटा ४ बाय ६ चा नमुना काढून दारात, दिवसाच्या उजेडात धरून बघावा, पोटाच्या कडा मातीपासून वेगळ्या दिसल्या की मोठी प्रत काढायला सांगावी.